सकाळ लाटेची, दुपार लेण्याची, संध्याकाळ शेताची: पेडणे-डिचोलीत पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

दिवाळी सरली की पुण्या-कोल्हापूरच्या नातलगांचे फोन सुरू होतात. "तीन दिवस येतोय, काय काय बघायचं ते सांग." त्यांना यादी हवी असते. मी उलट विचारतो, अष्टमीच्या आसपास येताय की पुनवेच्या? पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही. मावसभाऊ तर म्हणाला, "अरे, समुद्रावर येतोय, सत्यनारायण नाही घालायचा."

पण आमच्या पेडणे तालुक्यात समुद्र, खाजनातली म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतली भातशेती आणि मिठागरं तिन्ही भरती-ओहोटीवर चालतात, आणि भरती-ओहोटी तिथीवर. तो हिशोब धरून दिवस आखला तर तीन दिवस पुरतात. नाही तर आठवडाभर राहूनही तुम्ही गाडी लावायला जागाच शोधत बसाल. फोनवर तेच तेच सांगून दमलो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आधी नकाशा नीट डोक्यात घ्या

पेडणे हा गोव्याचा उत्तरेकडचा शेवटचा तालुका. वर तेरेखोलची नदी, खाली शापोरा नदी. तेरेखोल ओलांडली की सिंधुदुर्ग. शापोरा म्हणजे वर दोडामार्गात जिला तिळारी म्हणतात तीच नदी. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, केरी ही किनाऱ्यावरची गावं दक्षिणेकडून उत्तरेकडे याच क्रमाने लागतात. किनाऱ्यापासून पाच-सात किलोमीटर आत गेलात की पार्से, तुये, कोरगाव, विर्नोडा ही शेतीची गावं. लेणी मात्र पेडण्यात नाहीत. त्यांच्यासाठी शेजारच्या डिचोली तालुक्यात, साखळीजवळच्या हरवळ्याला जायचं. मांद्र्याहून गाडीने साधारण दीड तास धरा.

हा सगळा पट्टा सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणून याला 'नव्या काबिजादी', म्हणजे मागाहून जिंकलेला मुलूख, म्हणतात. आधीच पोर्तुगिजांच्या हाती गेलेल्या तिसवाडी-सासष्टीवर धर्मांतराचा आणि देवळं पाडण्याचा जो पहिला घाला पडला, तो इथं पोचेपर्यंत निवला होता. त्यामुळे गावागावांत जुनी देवस्थानं टिकली, जत्रेत दशावतार टिकला आणि मराठी टिकली. तुमचं मराठी इथं सगळ्यांना कळतं. फक्त समोरचा कोकणीत बोलू लागला की हिंदीवर उडी मारू नका. तुम्ही मराठीत बोला, त्यांना कोकणीत बोलू द्या, काही अडत नाही. वयाने मोठ्या माणसाला 'बाब', बाईला 'बाय' म्हणा.

कधी यायचं

मला एकच काळ निवडायला सांगितला तर मी नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा सांगेन. पावसाचा गढूळपणा जाऊन समुद्र निवळलेला असतो, शेतं नुकती कापलेली, हरवळ्याच्या धबधब्याला अजून पाणी, आणि शॅकवाले नुकते कुठे पाट-खुर्च्या मांडत असतात. दुसरी पसंती मार्च. उकडतं खरं, पण काजूची दारू गाळायच्या भाट्या पेटलेल्या असतात आणि मिठागरांवर पांढरे ढीग लागलेले दिसतात. 20 डिसेंबर ते 5 जानेवारी या दिवसांत मी स्वतः मांद्र्याच्या रस्त्यावर फिरकत नाही, तुम्हीही येऊ नका.

पावसाळ्याचं गणित वेगळं. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचं नाही, हा सल्ला नव्हे, नियमच समजा. त्या दिवसांत लाट शिकण्याची नसते, माणसं नेण्याची असते. पण शेतं बघायची असतील तर लावणीचा जुलै आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचे दिवस यांना तोड नाही. लाट आणि हिरवी शेतं एकाच फेरीत मिळत नाहीत, हे आधीच मान्य करून तिकिटं काढा.

पोचणं आणि राहणं

कोकण रेल्वेने येत असाल तर पेडणे किंवा थिवी स्टेशन. कोकणकन्या रात्री मुंबईहून सुटते ती सकाळी इथं आणून सोडते. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात, वेळ बघून घ्या. विमान असेल तर मोपाचा मनोहर विमानतळ आमच्या तालुक्यातच आहे, जानेवारी 2023पासून चालू. तिकीट काढताना दाबोळी की मोपा हे तीनदा तपासा. चुकीच्या विमानतळावर उतरून दोन तास टॅक्सीत घालवलेले पाहुणे मी घरी जेवू घातलेत. टॅक्सीसाठी ओला-उबर इथं शोधू नका, गोवामाइल्सचं ॲप घ्या. कदंबच्या (ही गोव्याची एसटी) आणि खासगी बसेस म्हापशाहून पेडणे-हरमलकडे दिवसभर असतात, मात्र अंधार पडला की विरळ होतात.

दुचाकी भाड्याने घ्याल ती काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचीच घ्या. पांढऱ्या पाटीची 'मित्राची गाडी' स्वस्त मिळते, पण ती भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवलं की मित्र फोन उचलत नाही. हेल्मेट दोघांनाही घाला. इथले रस्ते अरुंद, वळणावर जांभ्याचा गडगा आणि गडग्यापलीकडून अचानक गुरं.

राहायचं कुठं? समुद्राला लागून झोपडी घेतलीत तर सकाळची लाट दारात मिळेल, हे खरं. पण रात्री झोप मिळेलच असं नाही. माझं मत विचाराल तर पार्से, तुये किंवा कोरगावकडे एखादं घर बघा. सकाळी पंधरा-वीस मिनिटांत किनारा आणि संध्याकाळी घराच्या मागेच शेत. होमस्टे ठरवताना विहिरीचं पाणी आहे का आणि गाडी अंगणापर्यंत येते का, एवढंच विचारा. बाकी ठीकच असतं.

तिथीला पाऊणपट करा

आता तो हिशोब. कोकणात जुनी रीत आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याला पाऊणपट करा, येईल तो भरतीच्या वेळेचा ढोबळ अंदाज. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आसपास भरती, बाराच्या आसपास ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. पुनव-अवसेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पहाटे पाच-सव्वापाचला ओहोटी आणि दुपार होता होता भरती. वद्य पक्षात आकडा पुन्हा एकापासून धरायचा. रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हा हिशोब जमतो. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतंच, मोबाइलवर भरतीचा तक्ता मिळतो तोही बघा. पण हिशोब येत असला की किनाऱ्यावरचा मासेमार तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो, हा माझा अनुभव आहे.

पुनव-अवसेच्या सुमाराला उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं, ओढही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाण्याची चढ-उतर कमी. नवशिक्याने लाट शिकायला भांगेचे दिवस निवडावेत. म्हणून मी तिथी विचारतो.

पहिली सकाळ: लाट

सर्फिंग शिकायला आश्वे आणि मांद्रे बरे. तळ बहुतेक रेतीचा, उतार सौम्य. आश्व्याला काही ठिकाणी खडक आहेत, ते ओहोटीला उघडे पडतात. पहिल्या दिवशी ओहोटीला नुसतं चालून खडक कुठं आहेत ते डोळ्याखालून घाला. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोऱ्याचं मुख आहे, केरीच्या उत्तर टोकाला तेरेखोलचं. नदीच्या मुखाशी पाण्यात उतरू नका. वरून तळ्यासारखं शांत दिसतं आणि खालून नदी ओढत असते.

वेळ सकाळची, साडेसात ते दहा. त्याचं कारण वाऱ्यात आहे. रात्री जमीन थंड होते, सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहतो आणि लाट गुळगुळीत, सरळ उभी राहते. अकरानंतर जमीन तापते, वायव्येचा वारा समुद्रावरून येऊ लागतो आणि लाटांचा नुसता खळखळाट होतो. पतंग लावून बोर्डावर धावणारे दुपारी याच वाऱ्याची वाट बघत असतात, तुमच्या ते कामाचं नाही.

थंडीच्या दिवसांत गोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या लाटांपैकी काही थेट अरबस्तानाकडून येतात, याचं मला भारी अप्रूप आहे. तिकडे 'शमाल' नावाचा वायव्य वारा सुटतो, त्याने उठलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून इथं फुटतात. आमच्याच दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केलाय. म्हणून कधी कधी आकाश स्वच्छ, वारा पडलेला, आणि तरी लाट मोठी असते. 'वारा नाही म्हणजे समुद्र शांत' असं धरून चालू नका. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज रोज देते. आदल्या रात्री तो बघायचा. गुडघ्यापासून कमरेपर्यंतची लाट शिकायला पुरे.

शिकवणारा निवडताना भाव शेवटी विचारा. आधी विचारा: एका शिक्षकाकडे किती जण? चारापेक्षा जास्त असतील तर तुमच्याकडे त्याचं लक्ष राहणार नाही. जीवरक्षणाचं प्रशिक्षण आहे का? पोहता येत नसेल तर काय करता? या शेवटच्या प्रश्नावर "काही टेन्शन नाही" असं उत्तर आलं तर पुढच्या दारात जा. आणि बोर्ड, पायाचा दोर, अंगात घालायचा घट्ट सदरा हे सगळं भावात धरलंय का, तेही.

नवशिक्याला आठ-नऊ फुटांचा, वरून मऊ फोम असलेला बोर्ड देतात. लहान, चकचकीत, टोकदार बोर्ड फोटोत छान दिसतो आणि कपाळ फोडतो. मी चाळिशीत शिकायला गेलो तेव्हा हट्टाने लहान बोर्ड मागून घेतला होता. तासाभरात एकदाही उभा राहिलो नाही, वर हनुवटीला दोन टाके.

आधी रेतीवर सराव होतो. बोर्डावर पालथं पडायचं, पायाची बोटं शेपटीशी, हात छातीच्या बाजूला. एका दमात तळव्यांवर अंग उचलून पाय खाली ओढायचे, एक पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले. नजर समोरच्या माडावर. पायाकडे बघितलंत की पडलात. हे वीस वेळा रेतीवर जमल्याशिवाय पाण्यात जाण्याची घाई करू नका.

पाण्यात पहिले दोन दिवस फुटलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसातच राहायचं, पाणी कमरेपर्यंत. फेस मागून आला की तीन-चार हात जोरात मारायचे, बोर्ड ओढला गेलाय असं वाटलं की उठायचं. पडणार तर आहातच, तेव्हा पडायचं कसं ते महत्त्वाचं. डोकं खाली घालून सूर मारायचा नाही, पाठीवर किंवा कुशीवर पसरट पडायचं. वर येताना एक हात डोक्यावर, कारण बोर्ड कुठं आहे ते तुम्हाला दिसत नसतं. आणि लाट येत असताना बोर्ड स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा कधीच धरू नका. दात पडायचा हा हमखास मार्ग.

आता ओढीबद्दल, आणि हा भाग दोनदा वाचा. किनाऱ्यावर लाटा फुटतात, त्यांनी आणलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं. ते एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात मागे जातं. तो पट्टा ओळखायचा असा: दोन्ही बाजूंना पांढरा फेस, मध्ये गडद, बिनलाटेची वाट आणि तीमधून रेती-कचरा आत जाताना दिसतो. नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो, कारण तिथं शांत दिसतं. सापडलात तर किनाऱ्याकडे पोहायची धडपड करू नका, दमून बुडाल. बोर्ड सोडू नका, तो तरंगतो. हात वर करा, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, लाटा फुटताना दिसतील तिथून परत या.

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये जीवरक्षकांचं लक्ष असतं. नुसता लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही. 'दृष्टी' या कंपनीचे जीवरक्षक 2008पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर आहेत. त्यांनी शिट्टी मारली की वाद घालू नका. अंधारात ते नसतात, तेव्हा चांदण्यातली आंघोळ राहू द्या. पोटात दारू असेल तर दिवसाही नको. जेलीफिश चिकटली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाकडे जा. तातडीला 108 रुग्णवाहिका, 112 पोलीस.

मोरजी आणि मांद्र्याला नोव्हेंबरपासून साधारण मार्च-एप्रिलपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात. वनखात्याने कुंपण घातलेल्या जागा दिसतील. रात्री तिथं टॉर्च, फ्लॅश, गाणी काही नको. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, ती समुद्राऐवजी हॉटेलाकडे निघतात. किनाऱ्यावर गाडी घालणं तर गुन्हाच आहे, तरी दर हंगामात कुणाची तरी जीप भरतीत अडकते आणि अख्खा गाव बघायला जमतो.

संध्याकाळ: शेत

लोकांना वाटतं शेत म्हणजे फोटोची पार्श्वभूमी. मी पाहुण्यांना आधी मानस दाखवतो.

शापोऱ्याच्या काठाने जी सखल शेतं दिसतात ती खाजनं. ही जमीन मुळात खाडीची. चिखल, जांभा, पेंढा घालून बांध उभारला, खारं पाणी बाहेर ठेवलं आणि आत भात लावलं. बांधाला जिथं दार असतं ती मानस. तिची लाकडी झापं पाण्याच्या जोरानेच चालतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं तेव्हा उघडतात. वीज नाही, पंप नाही. पाणी ओसरू लागल्यावर जा, म्हणजे दार उघडताना दिसेल. पाऊणपटीचा हिशोब इथं पुन्हा कामाला येतो. मानशीत मासे धरायच्या हक्काची दरवर्षी पावणी म्हणजे लिलाव होतो, तेव्हा तिथं गळ टाकून बसलात तर तुम्ही कुणाच्या तरी पैशाने घेतलेले मासे पळवताय.

खाजनात जुनं भात कोरगूट. खारटपणा सोसणारं, उंच वाढणारं, लालसर दाण्याचं. त्याची पेज मिळाली तर सोडू नका. खाजनाखेरीज शेतीचे आणखी दोन प्रकार इथं आहेत: रेताड खेर आणि उतारावरची मोरड. पावसाळी पीक सरद, हिवाळी वायंगण. तिळारीचा कालवा आल्यापासून काही गावांत वायंगण वाढलंय. डिसेंबर-जानेवारीत वायंगणात अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) आणि मिरची दिसेल. हरमलच्या मिरचीला 2021मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती गडद लाल आणि माशाच्या हुमणात म्हणजे कालवणात जान आणणारी.

चालायचं कसं? मोठ्या बांधावरून किंवा पायवाटेच्या मेरेवरून (मेर म्हणजे शेतातला लहान बांध), एकामागे एक. बारीक मेर ओली असताना तुमच्या वजनाने फुटते आणि पाणी एका कुणग्यातून (वाफ्यातून) दुसऱ्यात जातं. माझ्या भाच्याने रीलसाठी मेरेवर उडी मारली होती. शेतमालकाने शिव्या दिल्या नाहीत, खोरं आणून हातात दिलं. भाचा दोन तास चिखल लिंपत होता. माणूस शेतात असेल तर आधी हाक मारून विचारा, नसेल तर रस्त्यावरूनच बघा. ड्रोन नको, शेतातले पक्षी उठतात आणि गुरं बिथरतात. बुटांऐवजी पट्ट्याच्या चपला बऱ्या.

आगरवाड्याला मिठागरं आहेत, नावातच आगर आहे. जानेवारी ते मे मीठ पिकतं. खाडीचं पाणी कुंड्यांतून पुढे पुढे सरकवत आटवतात आणि शेवटच्या कुंडीत दाणे धरतात. चारनंतर जा, मीठ ओढण्याचं काम उन्हं कलताना बघायला मिळतं. वाफ्यात पाय घालू नका, तळ चोपून केलेला असतो. घरी न्यायला दोन किलो जाडं मीठ घ्या आणि घासाघीस करू नका. ते पिकवणारी घरं फार थोडी उरलीत.

मार्च-एप्रिलमध्ये डोंगराच्या बाजूने जाताना आंबूस-गोड वास आला की जवळ भाटी आहे. काजूचे बोंडू दगडी कोळंब्यात पायांनी तुडवतात, रस गळतो तो नीरो. तो ताजा, बिननशेचा, दुपारच्या आत प्यायचा. मग रस आंबवून एकदा गाळला की हुराक, पुन्हा गाळला की फेणी. काजूचं झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलं आणि फेणीला 2009मध्ये मानांकन मिळालं. भाटीवर जायचं तर ओळखीच्या माणसाबरोबर जा. हुराक लिंबाच्या सरबतासारखी सहज उतरते, आणि नंतर दुचाकीची किल्ली सापडत नाही. सापडली तरी दुसऱ्याच्या हातात द्या. बागेतले पडलेले बोंडूसुद्धा उचलायचे नाहीत, बी मोजून विकली जाते.

एक दुपार: लेणी

लेण्यांना दुपारी जा असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. पण जांभ्याच्या पोटात दुपारीच सुख असतं, आणि समुद्रावर त्या वेळेला करण्यासारखं काही नसतं. सकाळी लाट उरकली, नाश्ता झाला, साडेदहाला निघालात की बाराच्या सुमाराला हरवळ्याला पोचता.

हरवळ्याची लेणी पांडवांची म्हणून ओळखली जातात. पांडव महाराष्ट्रात जिथं जिथं राहिले तिथून इथंही आले, असंच समजा. अभ्यासक ती साधारण सहाव्या-सातव्या शतकातली मानतात आणि मुळात बौद्ध की शैव यावर वाद घालतात. पुढे खांबांची ओसरी, मागे ओळीने खोल्या आणि आत लिंगं. अजिंठा-वेरूळ डोक्यात ठेवून आलात तर पाच मिनिटांत बाहेर पडाल. जांभा हा भोकाभोकांचा दगड, त्यात बारीक नक्षी धरत नाही. इथं बघायचं ते वेगळं: नरम असताना कापला जाणारा आणि हवा लागली की कठीण होणारा दगड पोखरून केलेल्या सरळ भिंती, छिन्नीचे तिरपे वण, आणि बाहेर पस्तीस अंश असताना आतला गारवा. ओसरीत पंधरा मिनिटं नुसते बसा. मोबाइलचा टॉर्च बंद करून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, मग वण दिसू लागतात. पावसानंतर शेवाळ असतं, तेव्हा चपला काढून अनवाणी चाला. भिंतींवर नावं कोरणारे आपल्यातलेच असतात, मुलांना आधीच बजावा.

खाली रुद्रेश्वराचं देऊळ आणि धबधबा. पावसाळ्यात धबधब्याच्या कुंडात उतरू नका, भोवरे आहेत. देवळांच्या वेळा दुपारी वेगळ्या असू शकतात. दार मिटलेलं असेल तर धबधब्यापाशी थांबा, पुजाऱ्याला झोपेतून उठवू नका. अंगात अर्धी चड्डी आणि खारट सदरा घालून देवळात जाऊ नये हे सांगायला लागू नये, पण लागतं. गाडीत एक लुंगी किंवा ओढणी असू द्या.

परतताना नार्व्याला वळा. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं दैवत. दिवाडी बेटावरचं देऊळ पोर्तुगिजांनी मोडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणलं गेलं, आणि शिवाजी महाराजांनी 1668मध्ये इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावर तो शिलालेख आहे. अलीकडे दुरुस्ती होऊन 2023मध्ये देऊळ पुन्हा खुलं झालं. मराठी माणूस गोव्यात येऊन बागाच्या किनाऱ्यावर जातो आणि इथं येत नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

लेण्यांची आवड लागलीच तर डिचोलीजवळ लामगावला दोन गुंफा आहेत, आणि फोंडा तालुक्यात खांडेपारला नदीकाठी चार. खांडेपारच्या गुंफांवर जांभ्याच्या चिऱ्यांचे पायऱ्यांसारखे थर आहेत आणि एकीच्या छताला कोरलेलं कमळ. माझ्या मते ती हरवळ्यापेक्षा सुंदर, पण मांद्र्याहून त्याच दिवशी जाऊ म्हणाल तर गाडीत भांडणं होतील. डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर खाणींचे ट्रक भेटतात, त्यांच्या मागे लांब राहा आणि काचा वर करा.

पोटाचं

सकाळी लाटेआधी अर्धं केळं, बस्स. नंतर गावातल्या हॉटेलात पातळभाजी आणि पाव, वर मिरचीभजी. पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून पोंपों करत येतो त्याच्याकडून गरम पोई (कोंड्याचा पाव) घ्या. दुपारी उकड्या तांदळाचं शीत, हुमण, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत मासे नसतात, खानावळीतही कमी. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत "ताजा इसवण" (सुरमई) म्हणणाऱ्याकडे संशयाने बघा.

एखादी संध्याकाळ उरली तर

केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला जा. किल्ला भोसल्यांनी बांधला, पोर्तुगिजांनी 1746मध्ये घेतला, आणि 15 ऑगस्ट 1954ला सत्याग्रहींनी त्याच्यावर तिरंगा लावला. फेरी चुकली तर किरणपाणीच्या पुलाने आरोंद्यावरून वळसा आहे, म्हणजे मध्येच तुम्ही महाराष्ट्रात जाऊन याल. जत्रेचे दिवस असतील तर शेजारच्या देवळात रात्री दशावतार आहे का ते विचारा. तो उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. तसं झालं तर दुसऱ्या सकाळची लाट सोडून द्या.

जाताना

मिरची, मीठ, काजूबिया घ्या. पेडण्याच्या बाजारात घ्या, किनाऱ्यावरच्या दुकानात भाव वेगळा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार वाटेत पडला तर तिथं. बियांचं पाकीट उघडून एक तोंडात टाकून बघा, विकणारा नाही म्हणत नाही. फेणी न्यायची तर परवाना काढून, पावती जवळ ठेवून न्या. हद्दीवरची पत्रादेवी ओलांडून बांद्याला महाराष्ट्रात शिरताना गाड्या तपासतात, आणि "मामाने दिलीय" हे तिथल्या पोलिसांनी तुमच्या आधी बऱ्याच भाच्यांकडून ऐकलेलं असतं.